लाड, गय आणि हलका हात : इंग्रजीत नेमका शब्द कसा निवडायचा

माझ्या भाचीला परदेशात पाळणाघरातल्या नोकरीसाठी अर्ज करायचा होता. इथे ती ज्या बालवाडीत शिकवायची, तिथल्या बाईंनी शिफारसपत्र मराठीत लिहून दिलं आणि घरचंच काम म्हणून भाषांतर माझ्याकडे आलं. पत्रात चार वाक्यं होती :

‘या मुलांशी अतिशय मायेने वागतात. मुलांचे लाड करतात, पण त्यांना शेफारू देत नाहीत. एखादं मूल चुकलं तर त्याला सांभाळून घेतात. हट्टी मुलांना कलाने घेण्याची हातोटी यांच्याकडे आहे.’

मी चहा संपायच्या आत इंग्रजी करून टाकलं. त्यात लिहिलं की ही बाई मुलांच्या बाबतीत ‘इंडल्जंट’ आहे, मुलं चुकली की ‘लीनिअंट’ असते आणि हट्टी मुलांना ‘पॅम्पर’ कसं करायचं हे तिला चांगलं कळतं. दोन आठवड्यांनी भाचीचा फोन आला. ‘मामा, मुलाखतीत पहिलाच प्रश्न विचारला, तुम्ही मुलांना शिस्त अजिबात लावत नाही का?’

एकही शब्द कोशाच्या हिशेबाने चुकलेला नव्हता. लाड म्हणजे इंडल्जन्स, सांभाळून घेणं म्हणजे लीनिअन्सी, असं कोणताही कोश सांगेल. पण बाईंनी केलेली स्तुती इंग्रजीत जाऊन तक्रार झाली होती. तेव्हापासून या कुळातला शब्द आला की मी खाली दिलेल्या पायऱ्यांनी जातो. पत्रं, अर्ज, खुलासे, न्यायालयीन कागद, स्वयंपाकाच्या कृती, सगळीकडे त्या चालतात.

पायरी १ : आधी विचारा, चूक आहे, हट्ट आहे, की दोन्ही नाही?

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. मराठीत ‘मायेने वागणं’ हे एकच पांघरूण तिन्हींवर पुरतं. इंग्रजीत तीन वेगळी घरं आहेत.

कुणाची तरी चूक झाली आहे, शिक्षा होऊ शकत होती आणि ती कमी केली किंवा टाळली, तर तुम्ही ‘लीनिअंट’च्या घरात आहात. मर्सी, क्लेमन्सी, पार्डन हे सगळे तिथले रहिवासी. कुणाला तरी काही हवं आहे, गरजेपेक्षा जरा जास्तच हवं आहे, आणि ते पुरवलं, तर घर ‘इंडल्ज’चं. पॅम्पर, स्पॉइल, कॉडल तिथे राहतात. चूकही नाही, हट्टही नाही, फक्त वागण्यात, आवाजात किंवा हातात मऊपणा आहे, तर ‘जेंटल’चं घर. माइल्ड, सॉफ्ट, टेंडर हे त्याचे शेजारी.

म्हणजे कुणाला ‘लीनिअंट’ म्हटलं की समोरच्याचा गुन्हा गृहीत धरला जातो. एकदा एका ओळखीच्या कारकुनाला कारणे दाखवा नोटीस आली. फाईल उशिरा गेल्याचा ठपका होता आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे ती त्याच्या टेबलावर आलीच मुळी उशिरा. त्याने इंग्रजीत खुलासा लिहिला, दोन पानं बाजू मांडली आणि शेवटी सवयीने ‘टेक अ लीनिअंट व्ह्यू’ अशी विनंती केली. मी म्हटलं, अरे, दोन पानं तू चूक झालीच नाही म्हणतोयस आणि शेवटच्या ओळीत शिक्षा कमी करा म्हणतोयस! ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ या आपल्या ठरलेल्या वाक्यात कबुली नसते, ‘लीनिअंट व्ह्यू’मध्ये ती असते. चूक मान्य नसेल तर ‘सिम्पथेटिक कन्सिडरेशन’ मागा, किंवा सरळ नोटीस मागे घेण्याची विनंती करा. चूक मान्य असेल तर मात्र ‘लीनिअंट व्ह्यू’ अगदी योग्य.

भाचीच्या पत्रातला माझा पहिला घोटाळा इथलाच. चार वर्षांचं मूल रंग सांडतं तेव्हा त्याला शिक्षा करायचा विषयच नसतो. तिथे ‘लीनिअंट’ लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, बालवाडीत नियम होते आणि ही शिक्षिका ते मोडू देत होती.

पायरी २ : कोण कुणावर मेहेरबान आहे ते पाहा

‘लीनिअंट’च्या घरात सगळे एका उंचीचे नाहीत. परीक्षक, मास्तर, आई-बाप, न्यायाधीश हे लीनिअंट असू शकतात. ‘क्लेमन्सी’ मात्र सिंहासनावरून किंवा राष्ट्रपती भवनातून खाली येते. ‘मर्सी’ कुणीही दाखवू शकतो, पण समोरचा पूर्ण तुमच्या हातात सापडलेला असावा लागतो. हाताखालच्या माणसाने वरच्याला ‘क्लेमन्सी’ दाखवली असं लिहिलं तर हसू होतं. बायकोने नवऱ्याला ‘क्लेमन्सी’ दिली असं लिहायचं असेल तर विनोद म्हणूनच लिहा.

या शब्दाची एक गोष्ट आपल्याच इतिहासातली आहे. १८५७चा उठाव चालू असतानाच गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंगने त्या वर्षीच्या जुलैअखेर अधिकाऱ्यांना ठराव पाठवला. सरसकट फाशी देत सुटू नका, कोण दोषी आणि कोण नुसता पळून आलेला ते तपासा, असा त्याचा आशय. सूडाने पेटलेल्या इंग्रजांनी त्याला ‘क्लेमन्सी कॅनिंग’ म्हणून चिडवायला सुरुवात केली. पुढे लोकांचा संताप ओसरला तसं तेच टोपणनाव गौरवाचं झालं. शब्द तोच राहिला, बोलणाऱ्याचा सूर बदलला. सुराबद्दल चौथ्या पायरीत येतोच.

‘क्लेमन्सी’चा दुसरा संसार हवामानाशी आहे. लॅटिनमध्ये तो माणसाच्या स्वभावाला आणि हवेला दोन्हीला लागायचा. म्हणून वादळी, बेभरवशाच्या हवेला इंग्रजीत ‘इन्क्लेमंट वेदर’ म्हणतात. पावसाने सामना थांबला की समालोचकाच्या तोंडून ऐकलं असेल.

न्यायालयाच्या कागदांत काम करणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. संविधानाच्या अनुच्छेद ७२ने राष्ट्रपतींना आणि १६१ने राज्यपालांना जे अधिकार दिले आहेत, त्यांत पाच वेगळे शब्द आहेत आणि वर्तमानपत्रं पाचही ठिकाणी ‘माफी’ छापतात. ‘पार्डन’ ही खरी माफी. तीत दोष आणि शिक्षा दोन्ही पुसले जातात. ‘कम्यूट’ म्हणजे शिक्षेचा प्रकारच बदलून हलका करणं, जसं फाशीची जन्मठेप. ‘रिमिशन’ म्हणजे प्रकार तोच ठेवून मुदत कमी करणं, आपली ‘शिक्षेत सूट’. ‘रेस्पाइट’मध्ये गरोदरपण किंवा अपंगत्व अशा खास कारणासाठी ठरलेल्यापेक्षा कमी शिक्षा दिली जाते. ‘रिप्रीव्ह’ ही नुसती तहकुबी, शिक्षा तात्पुरती थांबवणं. ‘दयेचा अर्ज’ म्हणजे ‘मर्सी पिटिशन’, आणि तो मंजूर झाला की बहुतेक वेळा ‘कम्यूट’ होतं, ‘पार्डन’ नाही. फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली अशा बातमीचं भाषांतर करताना ‘पार्डन्ड’ लिहिलंत तर कैदी तुरुंगाबाहेर आला असा अर्थ होतो.

तुरुंगाचाच विषय निघाला आहे तर, महाराष्ट्रातल्या कागदांत ‘संचित रजा’ म्हणजे फर्लो आणि ‘अभिवचन रजा’ म्हणजे पॅरोल. ही अदलाबदल मी छापील मजकुरात इतक्या वेळा पाहिली आहे की आता चिडायचंही सोडून दिलं.

‘कम्यूट’बद्दल एक गंमत. लोकलने रोज जाणाऱ्याला ‘कम्यूटर’ म्हणतात तो याच शब्दातून आला. १९व्या शतकात अमेरिकेतल्या रेल्वेने रोजच्या प्रवाशांसाठी भाडं कमी करून एकत्र तिकीट काढलं, त्याला ‘कम्युटेशन तिकीट’ म्हणत. म्हणजे डोंबिवलीचा पासधारक हा मुळात सवलत मिळालेला माणूस. सकाळी ८ची फास्ट पकडताना त्याला हे पटणार नाही, ते सोडा.

पायरी ३ : चूक ‘घातली’ कुठे?

आता मराठीकडे नीट बघायला हवं, कारण अर्धे घोटाळे इंग्रजी न कळल्याने होतात तेवढेच मराठी घाईने वाचल्यानेही होतात. ‘घालणे’ हे एकच क्रियापद घ्या.

आई मुलाची चूक पोटात घालते. साहेब लाडक्या कंत्राटदाराला पाठीशी घालतो. संस्थाचालक अफरातफरीवर पांघरूण घालतात. तिन्हीकडे सौम्यपणा आहे, तिन्हीकडे शिक्षा टळली आहे, आणि तिन्हीकडे ‘लीनिअंट’ लिहिलं तर तिन्ही वाक्यं वाया जातात. पोटात घालणं म्हणजे चूक कळली, दुखलं, पण पुन्हा तिचा उच्चार केला नाही. इंग्रजीत ‘फर्गिव्ह’ किंवा ‘ओव्हरलुक’. पाठीशी घालणं म्हणजे ‘शील्ड’. पांघरूण घालणं म्हणजे ‘कव्हर अप’, आणि कोर्टाच्या भाषेत त्याला आणखी कडक नावं आहेत.

व्याकरणही बघा. पोटात चूक जाते, पाठीशी माणूस जातो. इंग्रजीतही असंच आहे. ‘कंडोन’ आणि ‘ओव्हरलुक’ यांच्यापुढे कृत्य येतं, ‘शील्ड’ आणि ‘स्पेअर’ यांच्यापुढे माणूस. ‘आय कंडोन यू’ असं कुणी लिहीत नाही. ‘एक्स्क्यूज’ आणि ‘फर्गिव्ह’ मात्र दोन्हींपुढे चालतात, म्हणून अडलात तर तिकडे वळा.

‘कंडोन’ला एक खाच आहे. आपल्या कोर्टात ‘विलंब माफीचा अर्ज’ म्हणजे ‘कंडोनेशन ऑफ डिले’. १९६३च्या मुदत कायद्यातल्या कलम ५चा तो नेहमीचा अर्ज, आणि त्यात काही गैर नाही. पण कोर्टाबाहेरच्या इंग्रजीत ‘कंडोन’ म्हणजे वाईट गोष्टीला मूकसंमती देणं. परदेशातल्या विद्यापीठाला ‘प्लीज कंडोन माय डिले’ लिहिलं तर ते अवघडतील. तिथे ‘प्लीज एक्स्क्यूज द डिले’ पुरे.

‘डोळेझाक’ आणि ‘कानाडोळा’ यांना ‘टर्न अ ब्लाइंड आय’ हा ठरलेला जोडीदार आहे. १८०१च्या कोपनहेगनच्या लढाईत ब्रिटिश आरमाराच्या नेल्सनने माघारीचा इशारा दिसू नये म्हणून दुर्बीण आपल्या अधू डोळ्याला लावली, असा किस्सा त्यामागे सांगतात. पण ‘डोळेझाक’चा खरा जुळा भाऊ वेगळाच आहे, ‘कनायव्हन्स’. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थच मुळी डोळे मिटणं. आजच्या इंग्रजीत मात्र त्यात संगनमताचा वास आहे. अधिकाऱ्याने डोळेझाक केली एवढंच म्हणायचं असेल तर ‘ब्लाइंड आय’वर थांबा. त्याने हिस्सा घेतला असं म्हणायचं असेल आणि पुरावा हातात असेल, तरच ‘कनायव्हन्स’.

‘गय’ आणि ‘हयगय’ यांचीही गल्लत होते. ‘दोषींची गय केली जाणार नाही’ हे मंत्र्यांचं आवडतं वाक्य. इंग्रजीत, दोषींना ‘स्पेअर’ केलं जाणार नाही. ‘कामात हयगय केल्यास कारवाई होईल’ हे परिपत्रकातलं वाक्य, आणि तिथे दयेमायेचा संबंध नाही. ते ‘नेग्लिजन्स’. आणखी, ‘खपवून घेणे’ म्हणजे ‘टॉलरेट’, तेही बहुधा नकारात, ‘खपवून घेणार नाही’. ‘चालवून घेणे’ म्हणजे ‘मेक डू’. साखर कमी असलेला चहा आपण चालवून घेतो, त्यात कुणावर उपकार नसतात.

पायरी ४ : सूर ऐका. स्तुती आहे की टोमणा?

पीटर रोजेने १८५२मध्ये आपला थेसॉरस, म्हणजे अर्थानुसार गट पाडलेला इंग्रजी शब्दकोश, काढला तेव्हा ढिलाई, कडकपणा आणि सौम्यपणा यांना शेजारी-शेजारी पण वेगवेगळे खण दिले. लॅक्सिटी, सिव्हिरिटी, लेनिटी. मराठी माणूस पहिला आणि तिसरा खण एकच समजतो, आणि फसतो.

एक शिडी मनात धरा. वरच्या पायरीवर ‘मर्सिफुल’, शुद्ध स्तुती. मध्ये ‘लीनिअंट’, बऱ्यापैकी तटस्थ. त्याच्याखाली ‘सॉफ्ट’, किंचित नाराजी. सगळ्यात खाली ‘लॅक्स’, सरळ ठपका. मराठीत याच क्रमाने दयाळू, सौम्य, नरम, ढिला. ‘पोलीस लॅक्स आहेत’ हे पत्रकाराचं वाक्य, ‘पोलीस लीनिअंट आहेत’ हे कदाचित दंड न भरावा लागलेल्या दुचाकीवाल्याचं.

‘इंडल्ज’च्या घरात शिडी जास्त निसरडी आहे. ‘अफेक्शनेट’ निर्धोक. ‘डोटिंग’ म्हणजे जीव ओवाळून टाकणारी आजी. गोड शब्द, पण म्हातारपणी बुद्धी चळण्याचा, म्हणजे ‘डोटेज’चा, तो नातेवाईक आहे, तेव्हा तरुण शिक्षिकेला लावू नका. ‘इंडल्जंट’ला भुवई वर चढलेली. ‘पर्मिसिव्ह’ म्हणजे कशालाच अटकाव न करणारा. आणि ‘स्पॉइल’ म्हणजे बिघडवून ठेवलं.

‘स्पॉइल’चा एक अपवाद आहे. स्वतःबद्दल, हसत, आभार मानताना तो छान लागतो. मावशीकडे चार दिवस पुरणपोळ्या खाऊन आलात तर ‘यू स्पॉइल्ड मी’ लिहा, मावशी खूश होईल. तिसऱ्याच्या मुलाबद्दल ‘स्पॉइल्ड’ म्हणालात तर नातं तुटेल. तेच आपल्याकडे ‘लाडावलेला’ हसून चालतं आणि ‘शेफारलेला’ चालत नाही.

खाण्याशी या घराचं जुनं नातं आहे. ‘पॅम्पर’ मूळचा ठासून खाऊ घालणं या अर्थाचा. ‘कॉडल’ म्हणजे उकळीच्या खालच्या पाण्यात अंडं हळूच शिजवणं, आणि मग कुणाला फुलासारखं जपणं. त्याला ‘मॉली’ हे बायकी नाव जोडून ‘मॉलीकॉडल’ केलं की पोरगा बावळट ठेवल्याचा टोमणा होतो. ‘कॉसेट’ म्हणजे घरात हाताने वाढवलेलं कोकरू. धनगरवाड्यावर आई मेलेलं कोकरू कसं सगळ्यांच्या पायात घोटाळतं ते पाहिलेल्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ‘तळहातावरच्या फोडासारखं जपणं’ याच्या सगळ्यात जवळ तोच येतो. कोवळ्या जनावराचा आणखी एक शब्द म्हणजे ‘किड ग्लव्ह्ज’. नाजूक माणूस हाताळताना वापरतात. त्यातलं ‘किड’ म्हणजे मूल नव्हे, करडू. करडाच्या मऊ कातड्याचे हातमोजे.

आता खुद्द ‘इंडल्जन्स’. या शब्दाचे तीन अवतार आहेत आणि तिघांचं भाषांतर वेगळं. पहिला धार्मिक. कॅथलिक चर्चमध्ये पापाच्या शिक्षेत मिळणारी सूट. तिचा बाजार मांडला गेला म्हणून १५१७मध्ये विटेनबर्गच्या मार्टिन लूथरने आपले ९५ मुद्दे मांडले आणि युरोप दुभंगला. तिथे ‘पापविमोचन’ हाच शब्द. दुसरा न्यायालयीन. आदेशात ‘नो फर्दर इंडल्जन्स विल बी ग्रँटेड’ असं येतं, त्याचा अर्थ लाड होणार नाहीत असा नाही, यापुढे मुदत मिळणार नाही असा आहे. मी एका मसुद्यात ‘यापुढे चोचले पुरवले जाणार नाहीत’ असं भाषांतर पाहिलं आहे. वकील खूप हसले, पक्षकार नाही. तिसरा रोजचा. चॉकलेट, स्पा, सुट्टीतली चैन. जाहिरातवाले याच अवतारावर जगतात. ‘सेल्फ-इंडल्जंट’ मात्र शिवीच, विशेषतः लांबलेल्या सिनेमाला.

आपल्या पोलिसी इंग्रजीत ‘इंडल्ज्ड इन गॅम्बलिंग’, ‘इंडल्जिंग इन मालप्रॅक्टिसेस’ असं सर्रास येतं. बाहेरच्या वाचकाला वाटतं, आरोपी गैरप्रकारांचा आस्वाद घेत होता. ‘एंगेज्ड इन’ लिहा.

‘कलाने घेणे’ याला इंग्रजीत ‘ह्यूमर’ हे क्रियापद आहे. विनोदाशी संबंध नाही. आजोबांना वाटतं टीव्हीतली बाई त्यांच्याशी बोलते, आपण हो म्हणतो, हे ‘ह्यूमर’. त्यात थोडं ‘बोलू द्या त्यांना’ असतं. मुलाला गोंजारून दूध प्यायला लावणं हे ‘कोक्स’. भाचीच्या पत्रात हवं होतं ते हेच, ‘पॅम्पर’ नव्हे.

पायरी ५ : सौम्य, कोमल, मृदू, मवाळ. पुढचं नाम बघितल्याशिवाय हात लावू नका

‘जेंटल’च्या घरात चूक-बरोबर बहुतेक पुढच्या नामावर ठरतं, म्हणून इथे उदाहरणंच देतो.

सौम्य साबण, सौम्य ताप, भूकंपाचे सौम्य धक्के : सगळीकडे ‘माइल्ड’. ‘सौम्य लाठीमार’ही आपल्या बातम्यांत ‘माइल्ड लाठी चार्ज’ होतो आणि भारतात चालून जातो. परदेशी वाचकासाठी लिहिताना काय घडलं ते लिहा. पोलिसांनी काठ्या चालवल्या, कुणी गंभीर जखमी झालं नाही. ज्याच्या पाठीवर बसली त्याला ‘माइल्ड’ काय ते विचारा.

मंद आच म्हणजे ‘लो हीट’ किंवा ‘जेंटल हीट’, ‘स्लो फायर’ नको. आमटी कमी तिखट असेल तर ‘माइल्ड’. शहाळं म्हणजे ‘टेंडर कोकोनट’, कोवळी भेंडीही ‘टेंडर’, कोवळं वयही. कोवळं ऊन मात्र ‘जेंटल मॉर्निंग सन’. आणि कार्यालयातली निविदा म्हणजेही ‘टेंडर’, पण तो दुसऱ्याच मुळाचा, ‘पुढे करणे’ या अर्थाचा. गाडीवरच्या पाटीत दोघं भेटत नाहीत हे नशीब.

कोमल गांधार? ‘टेंडर’ही नाही, ‘सॉफ्ट’ही नाही. संगीतात कोमल म्हणजे ‘फ्लॅट’. मृदू पाणी ‘सॉफ्ट वॉटर’. मवाळ गृहस्थ ‘माइल्ड-मॅनर्ड’, पण इतिहासातले मवाळ म्हणजे ‘मॉडरेट्स’. १९०७मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा गोखले मॉडरेट होते. त्यांना ‘जेंटल’ म्हटलं तर स्वभाव सांगितला जातो, पक्ष नाही.

गरीब स्वभावाला ‘मीक’ लावताना जपून. ‘गरीब गाय’ची छटा त्यात येते, आणि मऊ लागलं की कोपराने खणणारे लोक इंग्रजीतही आहेत. ‘जेंटल’मध्ये ती लाचारी नाही. तो शब्द ‘कुलीन’ या अर्थाने फ्रेंचातून आला, ‘जेंटलमन’मध्ये अजून तो अर्थ शिल्लक आहे.

पायरी ६ : पैसे आणि परीक्षा

सवलतींच्या कागदांत चूक महागात पडते, म्हणून थोडक्यात. कर्जमाफी म्हणजे ‘लोन वेव्हर’, कर्जदार मोकळा. बँकेने कर्ज ‘निर्लेखित’ केलं तर ते ‘राइट-ऑफ’, म्हणजे बँकेच्या वहीतून गेलं, पण कर्जदार मोकळा झाला नाही, वसुली चालूच. या दोन्हींना ‘माफी’ म्हणून राजकारणात किती भांडणं झाली ते आठवा. फी माफी ‘फी वेव्हर’, फी सवलत ‘फी कन्सेशन’. आपला ‘फ्रीशिप’ हा शब्द परदेशात समजत नाही, तिथे ‘वेव्हर’च लिहा. ‘अभय योजना’ म्हणजे ‘अ‍ॅम्नेस्टी स्कीम’. २०२३ची मुद्रांक शुल्काची अनेकांना आठवत असेल. ‘अ‍ॅम्नेस्टी’ ग्रीकमध्ये ‘विसरणं’ या अर्थाचा, ‘अ‍ॅम्नेशिया’ त्याच मुळाचा. इंग्रजीत सरकार विसरून जातं, मराठीत सरकार भिऊ नका म्हणतं.

पेपर ‘लीनिअंट’ तपासणं वेगळं आणि ‘जेनरस’ मार्क देणं वेगळं. पहिल्यात चुका सोडल्या, दुसऱ्यात हात सढळ ठेवला. ‘एटीकेटी’ परदेशी अर्जात कधीही नुसती लिहू नका. विषय राहिला असताना पुढच्या वर्गात प्रवेश मिळाला, असं वाक्य लिहा.

पायरी ७ : शब्दयोगी सांभाळा

‘लीनिअंट विथ’ सगळ्यात सुरक्षित. ‘सॉफ्ट ऑन’ गुन्हेगारांबाबत. ‘डोट ऑन’ नातवंडांबाबत. ‘जेंटल विथ’ माणसांशी आणि काचेच्या भांड्यांशी. ‘इंडल्ज’पुढे थेट माणूस आला की लाड, ‘इन’ आला की चैन. एवढं पाठ असलं की पुरतं.

सगळं एकत्र करून : तेच पत्र

‘मायेने वागतात’ : चूक नाही, हट्ट नाही, म्हणून तिसरं घर. ‘शी इज अफेक्शनेट अँड जेंटल विथ द चिल्ड्रन.’

‘लाड करतात, पण शेफारू देत नाहीत’ : दुसरं घर, पण सूर स्तुतीचा. ‘इंडल्ज’ नको. ‘शी मेक्स अ फस ऑफ देम विदाउट स्पॉइलिंग देम.’ ‘शेफारणे’तला फणा काढलेला भाव ‘स्पॉइल’मध्ये नाही, तो सोडून द्यावा लागला.

‘सांभाळून घेतात’ : चूक आहे, पण शिक्षेचा प्रश्न नाही. ‘लीनिअंट’ बाद. बाईंना काय म्हणायचं होतं ते फोन करूनच विचारलं. त्या म्हणाल्या, ‘अहो, मुलाने रंग सांडला तर ती ओरडत नाही, त्याच्याच हातात फडकं देते आणि बरोबर पुसायला बसते.’ मग वाक्य सोपं झालं. ‘व्हेन अ चाइल्ड मेक्स अ मिस्टेक, शी इज पेशंट, अँड हेल्प्स द चाइल्ड पुट इट राइट.’

‘हट्टी मुलांना कलाने घेण्याची हातोटी’ : ‘शी कॅन कोक्स ईव्हन द मोस्ट स्टबर्न चाइल्ड.’

हे दुसरं पत्र पुढच्या पाळणाघराकडे गेलं. मुलाखतीत त्यांनी भाचीला फडक्याबद्दलच विचारलं.